जुळ्यांतली धाकटी

९ फेब्रुवारी

थोरलीला सांगता येणार नाही अशी गोष्ट माझ्याकडे बावन्न वर्षांत कधी नव्हती. आज तिच्याबद्दलचीच तक्रार आहे, म्हणून ही वही.

झालं असं. सकाळी एक डॉक्टरीणबाई पदवीचा कागद फ्रेम करायला घेऊन दुकानात आल्या. थोरली नेहमीप्रमाणे करवतीपाशी पट्ट्या कापत होती आणि मी कोपरे सांधत होते. आमचं पहिल्यापासून तसंच ठरलेलं आहे, कापायचं तिने आणि जोडायचं मी. बाईंनी दोघींकडे बघून विचारलं, "तुम्ही नणंद-भावजय का?" झालं! माझं डोकंच फिरलं. आम्ही लोकांना कोणीही वाटतो. नणंद-भावजय वाटतो, शेजारणी वाटतो, एकदा तर एकाला मालकीण आणि कामवाली वाटलो होतो. (कामवाली कोण, ते लिहीत नाही.) ती उंच, मी बुटकी. तिचं नाक चाफेकळी, माझं भजं. ती उजवी, मी डावखुरी. डावखुरेपणा माझ्यात पोस्टातल्या मावशीकडून आला, असं आई म्हणायची. पोस्टातली मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, आयुष्यभर टपाल कचेरीत शिक्के मारले म्हणून हे नाव.

मी म्हटलं, "जुळ्या आहोत आम्ही. ही अकरा मिनिटांनी मोठी. म्हणून ही थोरली आणि मी धाकटी."

बाईंचे डोळे चमकले. त्या म्हणे जुळ्यांवरच संशोधन करतात. त्यांनी काउंटरवर कोपर टेकून मला सगळं समजावलं. जुळी दोन तऱ्हांची. एका बीजाची दोन झाली तर ती समरूप, रक्ताने अगदी एक. दोन वेगळी बीजं एकदम वाढली तर ती साध्या भावंडांसारखीच, फक्त पोटात शेजारी राहिलेली. "तुम्ही दुसऱ्या प्रकारच्या असाल, पण तपासून सांगता येईल," त्या म्हणाल्या. काही नाही, नळीत थुंकायचं आणि पाठवून द्यायची. मी दोघींच्या वतीने हो म्हणून टाकलं.

त्या गेल्यावर थोरली म्हणाली, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

मी म्हटलं, "कारण कांकण दिसत नाही लोकांना!"

ती करवतीकडे वळली. डॉक्टरीणबाईंच्या कागदाची पट्टी मात्र तिने बोटभर तोकडी कापली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी चिडवलं तर म्हणाली, वय झालं.

१० फेब्रुवारी

आज दिवसभर अबोला. मला हे कागदावर हवंच आहे, हे तिला कळत कसं नाही? शाळेत असल्यापासून मी हेच ऐकतेय, "जुळ्या? काहीतरीच!" एकदा कोणीतरी शिक्क्यानिशी हो म्हणावं एवढीच माझी मागणी आहे. समरूप नको, साध्या तर साध्या.

१३ फेब्रुवारी

थोरली तयार झाली! आपण होऊन. पोळ्या लाटताना एकदम म्हणाली, "मागव तुझ्या नळ्या. पण मी कुठे जाणार नाही. घरीच करू, आणि पाकीट मी भरेन, तुला धांदल फार." मी मान्य केलं. वाघाचे पंजे तरी एकदा मऊ झाले.

२१ फेब्रुवारी

नळ्या आल्या. काय तो थाट! पाकिटात तीन नळ्या, दोन आमच्या आणि एक जादा. नावांच्या चिठ्ठ्या वेगळ्या, मागून डकवायच्या. अर्धा तास आधी खायचं-प्यायचं नाही. मी सकाळीच माझी भरून ठेवली. एवढी थुंकी माणसाच्या तोंडात नसते, खरं सांगते. चिंचेचा विचार करून करून भरली.

थोरली म्हणाली, "मी दुकान उघडून येते, मग भरते."

दुपारी मी जेवणाला बसणार एवढ्यात ती जादा नळी घेऊन माझ्यापुढे उभी. "तुझी सांडली माझ्या हातून. पुन्हा थुंक."

मी म्हटलं, "तीस वर्षांत तुझ्या हातून काच फुटली नाही आणि बूच लावलेली नळी सांडते?"

"बूच नीट बसलं नव्हतं तुझं."

म्हणजे पुन्हा खापर माझ्याच माथी. पुन्हा चिंच आठवली. पुन्हा भरली. तिने आत नेऊन दोन्ही नळ्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, पाकीट बंद केलं आणि भाचीला कुरिअरवाल्याकडे पिटाळलं. भाची म्हणजे थोरलीची एकुलती एक. भाओजी गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. तेव्हापासून आम्ही तिघी (आई होती तोवर चौघी) वरच्या मजल्यावर, खाली दुकान. मला ती 'माऊ' म्हणते. मी लग्न केलं नाही, कारण विचारणाऱ्यांत बरं कोणी नव्हतं आणि बऱ्यांनी विचारलं नाही. तर ही पोरच माझं सगळं आहे. पाकीट घेऊन जाताना तिने आईकडे बघितलं आणि विचारलं, "नक्की?" थोरली म्हणाली, "नक्की. जा." कुरिअरला जायचाही आळस आजकालच्या मुलांना.

४ मार्च

भाचीच्या पोटात गाठ आहे. चार-पाच महिने दुखतंय आणि आम्हाला सांगितलं नाही कार्टीने. सर्जन म्हणाले, गाठ साधी दिसते, पण काढायला हवी. ऑपरेशन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. रक्ताच्या दोन पिशव्या हाताशी ठेवायच्या.

थोरलीने तारीख लिहून घेतली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. भाचीच मला पाणी द्यायला आली.

१३ मार्च

कुठून सुरुवात करू?

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आम्ही समरूप! साध्या नव्हे, समरूप! सोळा आणे एकच! एका बीजाच्या! मी दुकानात उडीच मारली, हातातली काच ठेवून मारली एवढं भान होतं. बाईंच्या आवाजात मात्र उत्साह कमी. "मला आश्चर्य वाटलं," त्या म्हणाल्या. "चेहरेपट्टी इतकी वेगळी..." मी म्हटलं, आता कसं?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मी सहज विचारलं, मग माझ्या भाचीचं काय? बाई म्हणाल्या, समरूप बहिणींचं रक्त एकच, त्यामुळे एकीची मुलगी दुसरीलाही रक्ताने मुलीइतकीच जवळची. तुम्हाला मूल असतं तर ते नात्याने भाचीचं मावसभावंड, पण रक्ताने सावत्र भावंडाएवढं. तपासणीत तुम्ही आणि तुमची बहीण, दोघींपैकी तिची आई कोण, हे सांगता यायचं नाही.

हे मी तीनदा वदवून घेतलं. मग त्याचा हिशेब माझ्या भाषेत केला. आई आणि लेक यांच्यात रुपयातले आठ आणे रक्त सारखं. सख्ख्या मावशीचे चार आणे. चुलत-मावस भावंडांत दोन आणे. आणि माझे आजपासून आठ आणे! थोरलीचे आठ, माझे आठ.

थोरलीला सांगितलं तेव्हा ती करवतीपाशी उभी होती. ती म्हणाली, "समरूप?" मी म्हटलं, समरूप. ती खालीच बसली, लाकडाच्या भुशात. म्हणाली, "मला वाटलं, नुसतं बहिणी म्हणून येईल." मला हसू आलं. बावळट आहे.

भाची आली तेव्हा मी तिलाही सांगितलं. म्हटलं, कागद म्हणतो, तू माझीच आहेस. तिने आधी आईकडे बघितलं. मग एकदम मिठी मारली आणि सोडेचना. डोळे पुसत म्हणाली, "मग आजपासून तू आई नंबर दोन." हळवी आहे पोर. माय मरो पण मावशी उरो म्हणतात, इथे तर कोणी मरायलाच नको, दोन्ही माझ्याच अंगात.

१४ मार्च

पोस्टातल्या मावशीचा फोन. दर आठवड्याला येतो आणि दर आठवड्याला पहिला प्रश्न तोच, "तुझं डोकं दुखतं का गं अजून?" थोरलीच्या डोक्याची चौकशी नसते, बिचारीचं दुखतही नाही. आज मी तिला प्रश्नच विचारू दिला नाही. सगळी बातमी एका दमात सांगितली.

"एकच?" मावशी म्हणाली. "अगदी एकच आल्या?"

"शंभर टक्के."

मग ती म्हणाली, "बरं झालं बाई. छान झालं," आणि ठेवूनच दिला. हिला दुसऱ्याचा आनंद सहन होत नाही, हे माझं जुनं मत आहे. एकट्या माणसाचं असंच होतं. मी त्यातली नाही, आता तर मुळीच नाही.

२२ मार्च

डॉक्टरीणबाई पुन्हा. म्हणतात, दोघींनी समक्ष यावं, नव्याने नमुना द्यावा, फोटो काढू. का? तर खात्री करायची आहे. म्हणजे शिक्का मारून झाल्यावर शाई खरी का, हे बघायचं! मी म्हटलं, तुमच्या मशीनवर तुमचाच विश्वास नाही का? त्या म्हणाल्या, "मशीनवर आहे."

थोरली म्हणाली, "सांग त्यांना, घरात आजारपण आहे." मी तसंच सांगितलं. या एका बाबतीत आमचं दोघींचं एकमत.

२८ मार्च

आज भाचीबरोबर दुपारभर बसले. ती पडून, मी पायाशी. तिला ऑपरेशनची भीती वाटतेय. मी म्हटलं, "घाबरायचं नाही. दोन दोन आया बाहेर बसणार आहेत." ती हसली. मग म्हणाली, "माऊ, समजा तो कागद नसता, तर तू बाहेर बसली नसतीस का?"

मी म्हटलं, "बसले असतेच. पण आता हक्काने बसेन."

ती भिंतीकडे तोंड करून पडली. दमली होती.

३ एप्रिल

रक्तपेढीत गेले होते. दोन पिशव्यांच्या बदल्यात दोघांनी रक्त द्यायचं. थोरलीला मधुमेह, तिचं चालत नाही. एक शेजारचा चष्मेवाला, एक मी. तिथल्या बाईंनी माझा रक्तगट विचारला. मी कधी तपासलाच नव्हता, कधी गरजच पडली नाही. पण म्हटलं, "बहिणीचा एबी आहे, तिच्या बाळंतपणात कळला होता. आम्ही समरूप जुळ्या, तेव्हा माझाही तोच. लिहा."

त्या म्हणाल्या, "तपासल्याशिवाय लिहीत नाही." बोटाला सुई टोचली. काचेवर थेंब पडले. मग म्हणाल्या, "बी."

मी म्हटलं, पुन्हा बघा. पुन्हा बी. तिसऱ्यांदा बघा म्हटल्यावर त्या हसल्या. "ताई, बीच आहे. समरूप जुळ्यांचा गट वेगळा नसतो. बहिणीचा चुकीचा लिहिला असेल कोणीतरी."

हां, तसंच असणार. मी रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, घरी आले. थोरलीच्या जुन्या फायली काढल्या. मधुमेहासाठी ती दरवर्षी तपासण्या करते. सगळीकडे एबी.

४ एप्रिल

डॉक्टरीणबाईंना मीच फोन केला. रक्तगटाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला जी शंका होती ती हीच. तुमच्याकडून आलेल्या दोन्ही नळ्यांत एकाच व्यक्तीची लाळ असावी. तुम्ही दोघी वेगवेगळ्या थुंकलात ना?"

मी म्हटलं, अर्थात! आणि मग त्यांना त्या दिवसाची गोष्ट सांगायला लागले. सकाळी माझी भरली. मग ती सांडली. मग मी पुन्हा भरली. मग बहिणीने आत नेऊन...

सांगता सांगता मला माझंच ऐकू आलं.

मी फोन ठेवला.

थोरली वर आंघोळीला गेली होती. मी नळाचा आवाज ऐकत बसले. मग ठरवलं, थुंकायचा कंटाळा केला असेल हिने. घाण वाटली असेल. ती आहेच तशी, दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी पीत नाही. एवढंच असेल. पण मग आठ आणे गेले. साध्या जुळ्या, म्हणजे चार आणेच. मावशी ती मावशीच. उद्या पोरीचं ऑपरेशन आहे, आता काही विचारायचं नाही.

५ एप्रिल

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. देवा!

बाकावर थोरली आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. तिने माझा हात धरला होता. मी तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

८ एप्रिल

लिहिते. सगळं लिहिते, नाहीतर उद्या मीच म्हणेन, असं झालंच नव्हतं.

भाची अजून हॉस्पिटलातच. आम्ही दोघी सकाळी दुकान उघडून बसलो. गिऱ्हाईक नव्हतं. मी विचारलं, "ती नळी सांडली नव्हती ना?"

ती पट्टी मापत होती. "नाही."

"थुंकायची एवढी किळस?"

तिने हो म्हटलं असतं तर मी मानलं असतं. मी ते मानायला तयारच बसले होते. पण तिने पट्टी खाली ठेवली, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि स्टुलावर बसली.

"आपण जुळ्या नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तू आईची नाहीस. पोस्टातल्या मावशीची आहेस."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, अकरा मिनिटांचं काय मग? ती म्हणाली, अकरा मिनिटं नाहीत, जवळजवळ तीन आठवडे आहेत. आईला दिवस गेले तेव्हा मावशी एकोणीस वर्षांची होती आणि तिलाही दिवस गेले होते. ज्याच्यापासून गेले तो माणूस टिकला नाही. आजोबांनी दोघींना एकत्र लांबच्या गावी बाळंतपणाला धाडलं. गेल्या तेव्हा एक पोटुशी आणि एक तिच्या सोबतीला. आल्या तेव्हा आईच्या दोन हातांत दोन मुली. मावशीने एकच मागितलं होतं, की तिला येऊ-जाऊ द्यावं. तिला येऊ-जाऊ दिलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"आईने. शेवटच्या दिवसांत. म्हणाली, एकीला तरी ठाऊक असावं. धाकटीला उद्या काही झालं, डॉक्टरांनी आईचे आजार विचारले, तर..."

"मी कुठे होते?"

"खाली दुकानात. कोपरे लावत होतीस."

आई मरून दोन वर्षं झाली. दोन वर्षं ही बाई माझ्याशेजारी उभी राहून पट्ट्या कापतेय. मी मागच्या वाढदिवशी आम्हा दोघींना सारख्या साड्या घेतल्या, ती नेसली. नेसून फोटो काढला.

मी म्हटलं, "केसाने गळा कापलास."

"आईने शपथ घातली होती गं."

"आईने गप्प बसायची शपथ घातली होती. माझी थुंकी चोरायची घातली होती?"

ती रडायला लागली. मला तिच्या रडण्याचा राग आला, ते माझं रडणं होतं. ती म्हणाली, "तू हट्टाला पेटलीस. खऱ्या नळ्या पाठवल्या असत्या तर त्या बाईंनी फोनवर तुला सांगितलं असतं. परक्या बाईने! मला वाटलं, दोन्हीत तुझीच घातली की नुसतं येईल, बहिणी आहेत. ते समरूप वगैरे मला कुठे कळतं?"

ते भुशात बसणं मला आठवलं. म्हणजे तेव्हा ती आनंदाने बसली नव्हती.

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तू पोरीला सांगायला धावलीस. तुझं तोंड मी तसं कधी बघितलं नव्हतं. कसं सांगणार?"

"मी फक्त बहीण मागितली होती," मी म्हटलं. "तू मला लेक दिलीस. आणि खोटी दिलीस."

ती म्हणाली, "मावसबहीण म्हणजे बहीणच की. आपण कुठे वेगळं मानतो?"

"मग बावन्न वर्षं मावसबहीण का नाही म्हटलं कोणी मला?"

तिने हॉस्पिटलात न्यायचा डबा उचलला. निघताना मात्र म्हणाली, "पोरीला सांगू नकोस. तिला टाके आहेत."

९ एप्रिल

आईबद्दल काही लिहिता येत नाही. तिचा फोटो मीच फ्रेम केला होता. आज त्याच्याकडे पाठ करून जेवले.

तिला अजून आईच लिहितेय. दुसरं काय लिहू?

१० एप्रिल

हिशेब केला. थोरली मावसबहीण, म्हणजे दोन आणे. तिची मुलगी मला एक आणा. रुपयातला एक आणा! एवढं तर त्या चष्मेवाल्याशीही निघेल कुठून तरी.

थोरली सगळं माझ्या आवडीचं रांधतेय. माझं ताट आधी वाढते. मी जेवते, भांडून जेवण सोडणाऱ्यांतली मी नाही. पण तिने विचारलेल्याचं उत्तर देत नाही. दुकानात ती पट्टी पुढे करते, मी घेते. कोपरे मात्र फटी ठेवून बसताहेत. तिने कापण्यात चूक केलेली नाही, माझाच हात चालत नाही.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं आई म्हणायची. आज कळत नाही, दात कोणाचे आणि ओठ कोणाचे.

१२ एप्रिल

भाची घरी आली. उशांना टेकून बसवलं. मला बघून म्हणाली, "आई नंबर दोन, तुझी अंगठी सैल झाली का गं? वाळलीस."

मी दोन दिवस विचार करतेय. थोरलीने गप्प बसायला सांगितलंय. गप्प बसणं सोपं आहे, पोर आपोआप माझी राहते. डॉक्टरीणबाई काही घरी येऊन सांगणार नाहीत. फक्त मी बोलायचं नाही, एवढंच करायचं. म्हणजे जे माझ्याशी केलं, तेच मी तिच्याशी करायचं. रोज सकाळी तिने 'आई नंबर दोन' म्हणायचं आणि मी ते चोरून घ्यायचं. आज दुपारी कळलं की मला ते जमेल. अगदी सहज जमेल. त्याचीच भीती वाटली.

१४ एप्रिल

सांगितलं.

थोरली खाली दुकानात होती. मी भाचीच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "तो कागद खोटा होता. आपल्यात आठ आणे नाहीत, चारही नाहीत. तुझी आई माझी मावसबहीण आहे. तू मला आई म्हणू नकोस, आणि सख्खी मावशी म्हणायचं असलं तरी तुझ्या मर्जीवर आहे." एवढं पाठ करून गेले होते. कुठेही न अडखळता बोलले, याचं मलाच बरं वाटलं. मग मी वाट बघत बसले, ती काय म्हणते याची. दुसरं काही नको होतं मला. तिला धक्का बसावा, तिने चिडावं, 'कोणी केलं हे माऊ तुझ्याशी' असं विचारावं. एक माणूस तरी माझ्याबरोबर फसलेलं असावं.

ती हळूच म्हणाली, "माहीत आहे, माऊ."

"आईने सांगितलं? आत्ता?"

"नाही. आजी सांगत होती तेव्हा मी पाणी घेऊन आत गेले होते. मी ऐकलं."

"दोन वर्षं?"

तिने मान हलवली.

"आणि ते पाकीट?"

"मीच नेऊन दिलं ना."

मी विचारलं, "मग आई नंबर दोन कोणाला म्हणत होतीस?"

"तुलाच."

"ते खोटं आहे, हे ठाऊक असताना?"

"तू किती खूश होतीस माऊ! मी काय करायला हवं होतं?" तिचे टाके दुखत होते, ती पोट धरून रडत होती. "मला रक्ताबिक्ताचं काही नाही गं. खरंच काही नाही."

मी म्हटलं, "तुला काही नाही, कारण तुझं शाबूत आहे."

ती माझा हात धरायला वाकली. मी उठले. तिची औषधाची वेळ झाली होती, ती गोळी आणि पाणी हाताशी ठेवलं आणि खाली आले. थोरली करवतीपाशी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. चोवीस तास एका छताखाली राहिलेल्या माणसांना सांगावं लागत नाही. मला मात्र सगळंच सांगायला हवं होतं.

म्हणजे आई, थोरली, पोर आणि पोस्टातली मावशी. चौघी. माझ्याच आयुष्याची गोष्ट, आणि घरात ती ठाऊक नसलेली एकटी मीच. लोकांना वाटत होतं आम्ही जुळ्या नाही. रस्त्यावरच्या माणसांना जास्त कळत होतं.

१७ एप्रिल

आज पोस्टातल्या मावशीकडे गेले.

काय विचारायचं ते बसमध्ये ठरवलं होतं. एकदाही सांगावंसं का वाटलं नाही? मी तापाने फणफणले तेव्हा, दहावीत पहिली आले तेव्हा, आई गेली तेव्हा? आई गेली, मी मोकळी झाले, तेव्हा तरी तू का नाही आलीस पुढे? एवढंच विचारायचं होतं आणि उठायचं होतं. तिला अपमानाचं बोलायचंही ठरवलं होतं, तेही पाठ होतं.

तिच्याकडे आम्ही दोघी नेहमी जोडीने गेलो आहोत. एकटी मी कधीच गेले नाही. जिना चढून बेल वाजवली. आतून चपलांचा आवाज आला. तिने साखळी न काढताच दार किलकिलं केलं आणि फटीतून बघितलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे जिन्याकडे. तिथे कोणी नव्हतं.

"एकटीच आलीस?"

"हो."

तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तिचा चेहरा त्या बोटभर फटीत पांढरा पडताना मला दिसला. पाठ करून आणलेलं सगळं मी विसरले. मी थांबले. बावन्न वर्षांनी ही बाई मला आता काय म्हणेल, ते ऐकायला थांबले. ये म्हणेल, पोरी म्हणेल, माझ्या नावाने हाक तरी मारेल.

ती म्हणाली, "कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "कोणीच नाही."

ती साखळी काढायला लागली. ती ओढत राहिली आणि साखळी काही निघेना. दार लावून घेतल्याशिवाय ती निघत नाही, हेही तिला सुचत नव्हतं. दार ओढायला बाहेरून मूठ नव्हती, मला काही करता येण्यासारखं नव्हतं. मी तशीच जिन्यात उभी राहिले.